लिस्बन, माझ्या देखरेखीखाली

२ फेब्रुवारी, रविवार
अनिकाचा फोन. आमच्या मुलीचा फोन डॅलसजवळच्या प्लेनोहून रविवारी येतो आणि ती गाडी चालवत असतानाच येतो, त्यामुळे जिम आली की संपतो. आज जिम आली तरी बोलत राहिली. म्हणाली, "आई, मे महिन्यात वन वीक. तू, बाबा आणि मी. युरोपातलं समुद्राजवळचं कुठलंही शहर. यू पिक." कॉलेजला गेल्यापासून ही मुलगी आमच्याबरोबर सलग आठवडाभर राहिलेली नाही. थँक्सगिव्हिंगला येते, त्यातला निम्मा वेळ लॅपटॉपबरोबर घालवते.
विचार करून कळवते म्हटलं. विचार कसला करायचाय? लिस्बन.
बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इनासिया आम्हाला भूगोल शिकवायच्या. "लिस्बन, गर्ल्स, स्टँड्स अ‍ॅट द माउथ ऑफ द टेगस." एवढं म्हणून नकाशावर पट्टी ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि सांगत सुटायच्या. चढाचे रस्ते, भिंतींवर निळ्या टाइल्स, खिडक्यांत वाळत घातलेल्या चादरी, वळणावर ट्राम कशी किंचाळते. आम्हा मुलींना ती ट्राम ऐकू यायची.
राजीवला सांगितलं. म्हणाला, "तिथे काय आहे?" रिटायर झालेल्या माणसाला सोफ्यापलीकडे काहीच नसतं.
संकल्प: सगळं प्लॅनिंग मी करणार. राजीववर सोडलं तर आम्ही पुन्हा नायगाराला जाऊ.

३ फेब्रुवारी
अनिकानं तिकिटं काढलीसुद्धा. ती डॅलसहून इथे आमच्याजवळ नूअर्कला येणार, तिथून तिघं एकत्र. "नॉन-रिफंडेबल आहेत, सो नो बॅकिंग आउट, टेल बाबा." बाबांना सांगितलं. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला, म्हणजे ऐकलं असावं.
अनिकानं विचारलं, पासपोर्ट ठीक आहेत ना? मला विचारते! माझा २०३१ पर्यंत चालेल. राजीवचा जुलैत संपतोय. वाटलंच होतं.

९ फेब्रुवारी
राजीवला फोटो काढायला फार्मसीत नेलं. हसला, म्हणून पुन्हा काढावा लागला. लग्नाच्या अल्बममध्ये एकाही फोटोत हसलेला नाही.
परतताना गाडीत त्याला समजावलं की कागदपत्रं म्हणजे अर्धा प्रवास. माणूस गाफील राहतो आणि ऐन वेळी तोंड पाडून घरी बसतो. तो म्हणाला, "हो, बरोबर आहे." त्याचं सगळ्यालाच बरोबर असतं.
हा २००६ साली हातात छोटा झेंडा घेऊन अमेरिकन झाला. मी पेढे केले, पण स्वतः झाले नाही. आधी दर वर्षी "पुढच्या वर्षी परत जाऊ" चालायचं. मग अनिकाची शाळा, मग तिचं कॉलेज. मग कळलं की त्या शपथेत परक्या देशाशी असलेली निष्ठा सोडते असं मोठ्यानं म्हणावं लागतं. बेळगावला परकं म्हणायला माझी जीभ वळत नाही. ग्रीन कार्ड आहे. तेवढ्यावर सगळं चालतं. कोथिंबीरसुद्धा तीच मिळते.

१६ फेब्रुवारी
लिस्बनला सात टेकड्या आहेत. आजपासून रोज तळ्याभोवती चालणे. बर्फ पडला. उद्यापासून ट्रेडमिल.

१७ फेब्रुवारी
ट्रेडमिलवर राजीवचे शर्ट वाळत आहेत. अशा घरात माणूस फिट राहणार कसा?

१ मार्च
मोठा शोध लागला. कंप्यूटरवर लिस्बनची गल्ली न् गल्ली उघडते, बाण दाबला की पुढे जाता येतं. आज मी चहा पीत पीत किल्ल्यापर्यंत चढले. दम अजिबात लागला नाही. म्हणजे स्टॅमिना मुळात आहेच, बाहेर जाऊन तो दवडायची गरज नाही.
पोर्तुगीजही सुरू केलं. फोनवरचं अ‍ॅप शिकवतं. आजचं वाक्य: मांजर दूध पितं. फार उपयोगी पडेल.

१५ मार्च
अनिकाला पूर्ण प्लॅन पाठवला. कुठल्या चौकातून कुठे वळायचं, ऊन कुठल्या बाजूला असेल, बाबा कुठल्या बाकावर बसतील आणि तेवढ्यात आम्ही दोघी कुठली टाइल्सची दुकानं बघू. एका दुपारी आगगाडीनं कश्काइशला, समुद्रावर. तिथे आम्ही दोघींनीच चालायचं, बाबांना आइस्क्रीम देऊन बसवायचं. चालता चालता मुली बोलतात. समोर बसवलं की नाही बोलत.
तिचं उत्तर आलं: अंगठा. महिनाभराच्या कामाला एक अंगठा. पण राजीवला ती नुसतं "के" पाठवते, त्या मानानं मी बरी.

५ एप्रिल
इथल्या मराठी मंडळाचा गुढीपाडवा, शाळेच्या कॅफेटेरियात. नीलांबरी भेटली. मंडळाची अध्यक्ष, तिसऱ्यांदा, कारण दुसरं कुणी उभं राहत नाही. तिनं युरोप केलाय. म्हणजे बसमधून केलाय, प्रत्येक देशाच्या फोटोत मागे तीच बस.
मी तिला लिस्बन समजावून सांगितलं. पाव आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. शिवाय युरोपात बसून वरून कोथिंबीर घालणारे हेच लोक, म्हणजे जवळजवळ घरचेच. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते सगळं छान आहे गं दीपा, पण तुझा तर अजून इंडियन..."
मी म्हटलं, हो, माझा पिंडच इंडियन आहे, त्याचा मला अभिमान आहे. आणि श्रीखंडाच्या रांगेत गेले. मागून तिनं हाक मारली. मी काही वळून बघितलं नाही. लोकांना दुसऱ्याचं बरं बघवत नाही, मग सणाच्या दिवशी खुसपट काढतात.

१९ एप्रिल
राजीवचा नवा पासपोर्ट आला. माझ्यामुळे. तो टेबलावर ठेवून मी अर्धा तास बोलले.
चालण्याचे बूट घेतले. दुकानापासून गाडीपर्यंत चालून बघितले. फोड आला. मेपर्यंत सैल होतील.

२५ एप्रिल, सकाळ
विमान कंपनीच्या अ‍ॅपवर सगळ्यांची माहिती भरली. राजीव हिरवा. अनिका हिरवी. मी लाल. अ‍ॅपमध्ये बिघाड आहे.

२५ एप्रिल, दुपार
हेल्पलाइनवर बराच वेळ पियानो ऐकला. मग एक मुलगी आली. म्हणाली, "मॅम, इंडियन पासपोर्टवर पोर्तुगालला व्हिसा लागतो." मी तिला सांगितलं की मी अमेरिकेत, पार्सिपनीत राहते, घर आहे, टॅक्स भरते, ज्युरी ड्यूटीचं बोलावणंसुद्धा चुकून एकदा मला आलं होतं. ती म्हणाली, "आय अंडरस्टँड, मॅम." काही अंडरस्टँड झालेलं नव्हतं.
राजीवला विचारलं. तो म्हणाला, "अगं हो की. तुला लागणारच."
आता म्हणतो. पंचवीस एप्रिलला. आणि मी काय म्हणाले होते? कागदपत्रं म्हणजे अर्धा प्रवास. त्यानं लक्ष द्यायला नको?

२८ एप्रिल
व्हिसा सेंटरची पहिली मोकळी तारीख जूनमध्ये. अर्ज, मग वाट बघा. रोज पहाटे उठून साइट उघडते, कुणी कॅन्सल केलं तर म्हणून. कुणीच कॅन्सल करत नाही. सगळे जग बघायला निघालेत.
अनिकाला फोन केला, रविवारची वाट न बघता, सोमवारीच. ती मीटिंगमधून बाहेर आली. मग म्हणाली, "आई, थर्टी इयर्स! यू नेव्हर डिड द पेपरवर्क?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी करणारच होते.

२ मे
निर्णय घेतला. जेवताना शांतपणे जाहीर केला: तुम्ही दोघं जा. माझ्यासाठी थांबू नका.
आता गंमत बघायची. राजीव म्हणेल, तुझ्याशिवाय नाही. अनिका म्हणेल, नो वे. मग आपण तिघं एखाद्या साध्या ठिकाणी, इथल्याच केप मे गावाला वगैरे, आठवडाभर. तिथेही समुद्र आहे. मी माझी माणसं ओळखून आहे.

३ मे
दोघं जातायत.
राजीव म्हणाला, "तू एवढं मनापासून म्हणालीस, मग तुझा शब्द मोडवेना." आणि ट्रेडमिलवरचे शर्ट काढून चालायला लागला.

१५ मे
एअरपोर्टवर सोडलं. राजीवच्या खिशात प्लॅन ठेवला, गोळ्या ठेवल्या, कुठल्या बाकावर बसायचं तेही सांगितलं. त्याच्या अंगावर लिननचा शर्ट. चाळीस वर्षांत मी सांगून घातला नाही.
अनिका डॅलसच्या विमानातून उतरून खास बाहेर आली, गाडीपाशी. मिठी मारली. "आय रिअली वॉन्टेड धिस विथ यू, आई," असं माझ्या खांद्यात म्हणाली. मी काही म्हणणार तेवढ्यात तो पिवळ्या जाकिटातला माणूस शिट्टी वाजवत आला. "मूव्ह द कार, लेडी." लेडीनं कार मूव्ह केली. हायवेवर मी चालवत नाही, पण आज कोण चालवणार होतं? डोळ्यांत पाणी येत होतं. ते एसीमुळे.

१७ मे
सकाळी ओटा पुसत होते, राजीवचा व्हिडिओ कॉल. मागे कॅथीड्रल, समोर घामेजलेला राजीव. "अगं, आम्ही हरवलो. प्लॅन हॉटेलात राहिला."
मी हात पुसले. म्हटलं, ट्रामचे रूळ दिसतायत? ते धरून वर चढा. चढ संपत आला की उजव्या हाताला चर्च, त्याला लागून कठडा, भिंतीवर निळ्या टाइल्स, मांडवावर बोगनवेल. तिथून नदी. दोघं चढत राहिले, मी ओट्यापाशी उभी. थोड्या वेळानं अनिकाचा आवाज आला, "ओ माय गॉड, आई." तिनं फोन फिरवला. छपरं, चादरी, पलीकडे टेगस. तिथे तिला तेजू म्हणतात म्हणे. सिस्टर टेगस म्हणायच्या, मीही टेगसच म्हणणार.
खालून ट्राम वळली. किंचाळली. अगदी तश्शीच.

२० मे, मंगळवार
आता रोज फोन. डावीकडे वळू का, हे उघडं असेल का, कॉफी कुठली मागू? राजीवला कॉफीचं नाव पाठ झालंय. दोन वाक्यंसुद्धा बोलतो. मला अजून मांजर आणि दूध.
आज कश्काइश. राजीव आइस्क्रीम घेऊन बाकावर, प्लॅनप्रमाणे. अनिका समुद्राच्या कडेनं चालत होती, फोन कानाला. ऑफिसबद्दल बोलली. एका मुलाबद्दल बोलली, अक्षत नावाच्या, हे मला आजवर माहीतच नव्हतं. मी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही, इतका वेळ! घरात बसणं होईना, म्हणून इअरफोन लावून मीही ग्रोसरीत चालत होते. चालता चालता बोलतात मुली. म्हटलं नव्हतं?

२१ मे
शाळेच्या ग्रुपवर निळ्या टाइल्सचा फोटो टाकला. लिहिलं, सिस्टर इनासियांनी इथलं सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं, कधी राहिल्या होत्या कोण जाणे. बेळगावहून प्रीताचं उत्तर: "राहतायत कसल्या? म्हापशाच्या त्या. म्हापसा आणि बेळगाव, बास. लिस्बन त्यांनी बघितलंच नाही."
मला पटत नाही. प्रीता भूगोलात नापास व्हायची.

२३ मे
राजीव परतला. अनिका नूअर्कहूनच पुढे डॅलसला गेली, अंगठा नाही, हार्ट पाठवलं. राजीवनं माझ्यासाठी एक टाइल आणलीय, निळी, एका कोपऱ्यात टवका उडालेली. म्हणाला, "तुझा प्लॅन फार छान होता गं. प्रत्येक बाकावर सावली होती."
टाइल ओट्याच्या मागे लावली. नागरिकत्वाचा अर्ज कुठे मिळतो, बघून ठेवलं. पुढच्या आठवड्यात भरू. ते परकं-बिरकं म्हणायचं असतं ते हळू म्हणेन.

७ जून
मंडळाची पिकनिक. नीलांबरी पुढ्यात येऊन विचारते, "काय मग, कसं झालं लिस्बन?"
मी खोटं काहीच बोलले नाही. कॅथीड्रलपासून सुरुवात केली. रूळ, चढ, बोगनवेल, वळणावरची ट्राम. दुपारचं ऊन कसं एकाच बाजूच्या टाइल्सवर पडतं. कश्काइशला लेकीबरोबर समुद्राच्या कडेनं चालले, तेही सांगितलं, ते तर अगदी खरं आहे. भोवती घोळका जमला. कुणीतरी म्हणालं, काकू, तुम्ही व्हिडिओ चॅनेल काढा. राजीव शेजारी उभा राहून कणीस खात होता. काही बोलला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात अशी साथ क्वचित मिळते.
नीलांबरीनं फोटो मागितले. दाखवले. म्हणाली, "तू कशातच नाहीस गं?" मी म्हटलं, कुणीतरी काढायला नको का?
"हो ना," म्हणाली, आणि कागदी पंख्यानं वारा घेतला. "मला वाटलं, त्या मंगळवारी मी तुला ग्रोसरीत बघितलं. कोथिंबीर निवडत होतीस. कानात इअरफोन, आणि एकटीच हसत होतीस. दोन हाका मारल्या मी."
घोळका पांगला. राजीव कणीस संपवून दुसरं आणायला गेला.
माझी माहिती मात्र चुकीची नव्हती. पोर्तुगालमध्ये कोथिंबीर मिळते. भरपूर मिळते.