तिरकी कापलेली नळी

१२ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, म्हणजे बाबा दोन वेळ जेवतात आणि माझे गुडघे अजून जिना चढतात. तुझं पत्र आणि गाडीचे फोटो मिळाले.

फोटो छान आलेत. बाबांच्या गाडीचं मात्र वाटोळं केलंस. बॉनेटखाली ते इंजिन आहे की भांड्यांचं दुकान?

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षकांनी 'भाग मूळचे नाहीत' म्हणून गाडी परत पाठवली, याचा तुला राग आलाय. मला त्यांचं कौतुक वाटलं. निदान त्यांना डोळे आहेत. तुझ्या त्या नावाजलेल्या मेकॅनिकनं इंजिनातली वाफ पुन्हा इंजिनातच फिरवणारा रबरी पाइप बसवलाय. तो पुढच्या मॉडेलचा. आपल्या गाडीत हवा ऑइलच्या झाकणातून आत जायची, म्हणून झाकणाच्या कडेला भोकं आणि आत तारेची जाळी हवी. तुझं झाकण ठार बंद. आणि वाफ बाहेर पडायची ती इंजिनाच्या कुशीतून खाली रस्त्याकडे जाणाऱ्या लोखंडी नळीतून. तिचं टोक मुद्दाम तिरकं कापलेलं असतं, म्हणजे गाडी धावली की वारा वाफ ओढून घेतो. तुझ्या शहाण्यानं ते टोक तुटलेलं समजून नळी भंगारात टाकली आणि तू मान डोलावलीस. बाबा गाडीखाली शिरले की बॅटरीचा उजेड मी धरायचे. तू हात काळे होतात म्हणून पळायचास.

नळी माझ्याकडे आहे. मागे तुझ्याकडे आले होते तेव्हा तुझ्या भंगाराच्या ढिगातून मीच उचलून आणली. पण पाठवणार नाही. गाडी घेऊन तू ये.

मागच्या महिन्यात तू बाबांना त्या चकचकीत गाडीतून फिरवलंस आणि "बाबा खूश होते" म्हणालास. खूश कसले? वर येऊन त्यांनी मला विचारलं, "कोणाची होती हो गाडी? माणूस भला दिसला." हे तुला सांगणार नव्हते.

परवा मी ती नळी चिंधीनं पुसत होते. बाबांनी माझ्या हातातून घेतली, तिरक्या टोकावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेली. जळक्या ऑइलचा वास अजून गेलेला नाही. म्हणाले, "अहो बाई, काच खाली करा. आमचा धाकटा ओकेल." सिग्नलला गाडी थांबली की तो वास आत यायचा आणि तू हमखास ओकायचास. मग दिवसभर ते दाराकडे बघत बसले. मला फार वाईट वाटलं, आणि तुझा हेवाही वाटला.

डॉक्टर म्हणतात, आहे तेवढी आठवणही फार दिवस राहणार नाही. तेव्हा बक्षीस गेलं खड्ड्यात. रबरी पाइप काढून टाक, इंजिनाच्या कुशीतलं नळीचं बुजवलेलं भोक मोकळं कर आणि जाळीचं झाकण शोध. नळी मी बसवीन, तुझ्या मेकॅनिकचा हात लागू देणार नाही. मग बाबांना शेजारी बसव आणि सिग्नलला थांब. पोटात ढवळलं तरी काच खाली करू नकोस.

तुझी,
ताई

(बाबाही मला ताईच म्हणायचे; असं म्हणणारा आता तू एकटाच उरलायस. लवकर ये.)