हवालदाराचा रबरी बेडूक

कराड, १० मार्च १९४६, रविवार
नाना आज येणार नव्हता. त्याच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटलाय म्हणाला होता. म्हणून मी एकटाच गळ घेऊन मलकापूरच्या पुढच्या तळ्यावर गेलो, तर हा गृहस्थ तिथं आधीच हजर! शेजारी उंब्रजचा तो पलटणीतला हवालदार, इटलीतून परत आलेला, सध्या रजेवर. नानानं मला बघून हात केला, जशी काही वाटेत गाठ पडली. लग्नाआधीपासून आम्ही दोघं दर रविवारी मासे धरायला जातो. खोटं बोलायची काय गरज होती?
हवालदाराला यापुढे नुसतं ह. लिहीन. पूर्ण लिहून शाई कशाला घालवू.

१२ मार्च, मंगळ.
नाना माझ्या सायकलच्या दुकानात येऊन बसला. पट्ट्याचं काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. मी पंक्चर काढतोय आणि याचं सगळा वेळ ह.च्या बेडकाचं पुराण. बेडूक रबराचा, मऊ. गळ पाठीला चिकटून, म्हणून शेवाळात अडकत नाही. एका अमेरिकन सोल्जरनं दिला म्हणे. त्यांच्या मुलखात बास नावाचा मासा असतो, तो आपल्या मरळीसारखाच पाल्याखाली दबा धरून बसतो.
"लय झकास चीज हाय गड्या. जिता बेडूक धराया नगो, चिखलात हात घालाया नगो."
आजवर जिते बेडूक कोण धरत होतं? मी. चिखलात हात कुणाचे? माझे. हा काठावर बसून विडी ओढायचा.

१७ मार्च, रविवार
गेलो. न बोलावता गेलो. ह.ची काठी पोलादी, तिला दोरी गुंडाळायची चक्री. बेडूक पार पलीकडच्या पानांवर टाकतो आणि टुकटुक ओढत आणतो. कोपरापासून बोटांपर्यंत लांब अशी मरळ काढली. नाना लहान पोरासारखा ओरडला. मग ह.नं काठी नानाच्या हातात दिली. मला दिली नाही. दिली असती तरी मी घेतली नसती, पण विचारायला काय झालं होतं?
परतताना नानानं ह.ची पिशवी उचलली. माझी पिशवी त्यानं जन्मात उचलली नाही.
निम्मी मरळ आमच्या घरी आली. ही म्हणाली, "हवालदारांनी धरलेली मरळ लय ग्वाड हाय." मरळ ती मरळ. कालवण दोनदा घेतलं. राग आला म्हणून उपाशी कोण राहतो.

२० मार्च, बुध.
आज पाप केलं. लढाई संपली तरी ट्यूब मिळत नाही, गिऱ्हाइकं ठिगळावर ठिगळ लावून नेतात, आणि मी चांगल्या ट्यूबचा तुकडा कापून बेडूक केला. पोट सोल्युशननं चिकटवलं, मागं दोन पाय, पाठीला गळ, वर सायकलचा हिरवा रंग. पंक्चर बघायच्या घमेल्यात सोडला तर उताणा! पोटात सायकलचे दोन छर्रे घातले. आता नीट बसतो.
हिनं बघितलं. "आवं, ह्ये काय करताय?"
"व्हॉल्व्हचं काम हाय."
एवढा हिरवट व्हॉल्व्ह तिनं कधी बघितला नसेल. पण गेली आपल्या कामाला.

२४ मार्च, रवि.
तळ्याच्या दुसऱ्या अंगाला बसलो, एकटाच. चक्री नाही, बांबूनंच झोका देऊन टाकला. थोड्या वेळानं पानं हलली आणि धप्पकन आवाज! मी जोरात ओढलं. बेडूक कानाजवळून मागं बाभळीत. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. जिता बेडूक असला की मरळ गिळत बसते, आपण सावकाश विडी संपवून ओढावं. याला कधी ओढायचं? नानाला विचारता आलं असतं. विचारलं नाही.
पलीकडून दोघांचं हसणं ऐकू आलं. मलाच हसले असतील. कदाचित नसतील. पण मला तसंच वाटलं आणि दिवस नासला.

२८ मार्च, गुरु.
ह. चाक घेऊन दुकानात आला. बेडूक फळीवर होता, लपवायचा राहिला.
"मिस्तरी, ह्यो तुमी केला?"
उलटापालटा करून बघितला, पोट दाबलं. हसेल म्हणून मी तोंडात शिवी तयार ठेवली होती. हसला नाही. म्हणाला, "आवाजाला वडू नगा. आवाज हुतो तवा मरळीनं नुसता धरल्याला असतुया. हाताला वजन लागंल, मग वडा. मी बी पैल्यांदा लय घालीवलं." वर म्हणतो, "नाना सारखं तुमचंच काढत्यात. पाणी बगून इष्णू मासा सांगतुया म्हंत्यात."
माझ्यासमोर का नाही म्हणत मग?
माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं.

३१ मार्च, रवि.
मिळाली! धप्पकन आवाज झाला. ओढलं नाही, थांबलो. दोरी सरकली, वजन लागलं, मग ओढलं. ह.च्या मरळीपेक्षा वीतभर मोठी. माझ्या ट्यूबच्या बेडकावर! ह. तळ्याला वळसा घालून पळत आला आणि मला चक्क उचललं. नाना जागचा हलला नाही. "हां, बरी हाय," एवढंच पलीकडून म्हणाला.
मरळ हातात धडपडत होती आणि मी नानाच्या तोंडाकडे बघत होतो.

४ एप्रिल, गुरु.
ह.ची रजा संपली, परत पलटणीत गेला. नाना गिरणी बंद ठेवून त्याला ठेसनापर्यंत पोचवायला. जाताना ह.नं रबरी बेडूक नानाला दिला. नानाचे डोळे भरले, असं ही बायकांत ऐकून आली. मी एकदा महिनाभर तापानं पडलो होतो तेव्हा याचे डोळे चांगले कोरडे होते.

६ एप्रिल, शनि.
नाना दुकानात आला. उभाच राहिला.
"उंद्या जाऊ."
"कुटं?"
"कुटं म्हंजी? तळ्यावं."
"हवालदार न्हाई म्हणून व्हय?"
तोंडातून निघून गेलं. नाना हाताचं पीठ चोळत राहिला. मग म्हणाला, "तुला येऊन सांगितलं असतं, तर तू आला असतास का रं त्याच्यासंगं?"
मी चाकाला पंप मारायला लागलो. तो गेला.
आलो असतो का? नसतो आलो. पण विचारायचं.

७ एप्रिल, रविवार, सकाळ
नाना खाली रस्त्यावर सायकल घेऊन उभा. घंटी वाजवतोय. मी कपडे करून बसलोय, चहाही झालाय, आणि हे लिहितोय. ही दोनदा येऊन गेली. "आवं, कवाधरनं उबं हायती त्ये. लोकं बगत्यात."
बघू देत.
पुन्हा घंटी. घंटी काय, कुणासाठीही वाजवता येते. एकदा इष्णू म्हणून हाक मारली तर उठीन. ह.ला पहिल्या दिवसापासून नावानं हाक मारत होता.
घंटी थांबली. खिडकीतून बघणार नाही.
जिन्यावर अजून नानाचे पाय वाजत नाहीत.