दोऱ्याने मोजलेले तीन तास

बाबा, आज कामावर मी संगणकात अकोला आणि अरुणाचलमधलं तेजू अशी दोन विमानतळांची नावं टाकली. अंतर दोन हजार किलोमीटरच्या थोडं वर, विमानाचा वेळ तीन तास, असं उत्तर आलं. म्हणजे अकराव्या वर्षी मी केलेलं गणित बरोबर होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, या दोन ठिकाणांमध्ये एकही विमान जात नाही.

त्या वर्षी मुकादम अरुणाचलच्या डोंगरात रस्त्याच्या कामाला माणसं गोळा करत होता आणि तुम्हाला पाठवायला आई काही केल्या हो म्हणत नव्हती. नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजायला भूगोलाच्या सरांनी नुकतंच शिकवलं होतं. विमानाचा वेगही त्यांनीच सांगितलेला. अकोल्याला धावपट्टी आहे, एवढं मला ठाऊक. आईच्या डब्यातल्या काळ्या दोऱ्याचं एक टोक अकोल्यावर दाबलं, दुसरं तेजूवर, आणि ताठ ओढला. मध्ये ना नदी, ना डोंगर. पट्टीवर मोजून मी सांगितलं, इमानानं तीन घंटे. आई चुलीपुढून म्हणाली, "अमरावतीची एस्टी बी याच्यावर टाइम घेते." मग तिनं तुमची पिशवी भरायला घेतली. तुम्ही तेवढा दोरा तोडून काडीला गुंडाळला. "हे पाह्य, घर खिशात घेऊन चाललो."

रेल्वेनं, बसनं तुम्हाला पाच दिवस लागले. तरी घरात सगळे तीन घंटेच धरून चालले.

पावसाळ्यात तुम्ही दरडीखाली गेल्याचा फोन आला. आपल्या रिठद गावातले नातेवाईक जमले, लाकडं आणली. तुम्हाला किती वेळात आणतील यावर वाद चालला तेव्हा काका म्हणाले, "पोरीले इचारा, तिले सारं ठाऊक हाये." मी पुन्हा तीनच घंटे सांगितले. आईनं तुमच्या आंघोळीचं पाणी चढवलं. दिवस मावळला तरी ती जाळ घालत बसली होती. दुसऱ्या दिवशी मुकादमानं कळवलं, रस्ता वाहून गेला, तिथंच अग्नी दिला. पंधरा दिवसांनी पिशवी आली. दोन शर्ट, दाढीचं सामान, काडीला गुंडाळलेला दोरा.

घरात पहिली पदवी माझी झाली. वाशिमला लोकांचे फॉर्म भरून देते. आज अरुणाचलातच कामाला निघालेल्या एकानं विचारलं, "ताई, इमानानं किती घंटे?" मी त्याला प्रत्येक गाडी, प्रत्येक बस, पावसात बंद पडणारा रस्ता, सगळं कागदावर लिहून दिलं. "तुमी तं भेवच घातला," म्हणून तो उठून गेला. कागद टेबलावरच राहिला.

हे पत्र तुमच्या पिशवीतच ठेवीन. आईला वाचता येत नाही, ते एक बरं आहे. कारण त्या दुपारी दोरा गुंडाळताना तुम्ही हळूच विचारलं होतं, "पण इमान जाते ना तिथं?" मला माहीत नव्हतं. घरात मला तोवर सगळे सांगत आले होते, विचारलं कोणी नव्हतं. मी म्हटलं, जाते.