वास गेल्यानंतरचा चहा

५ जाने., सोम.
पावणेसातला पहिला कप, खिडकीत बसून. बाहेर धुकं, कपावर वाफ, मधे मी. आलं घातलंय हे मंदाने सांगितलं म्हणून कळलं. दिवाळीनंतरच्या सर्दीत वास गेला तो अजून परतला नाही. सर्दी गेली, खोकला गेला, पण हा काही यायचं नाव घेईना. फक्त बायकोला ठाऊक. जन्मभर लोकांच्या चहाला नावं ठेवली, आता कोणत्या तोंडाने सांगू?

७ जाने., बुध.
शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, सवय जात नाही. स्वयंपाकघरातच प्रयोग मांडला. डोळे मिटून मी, डबे उघडून मंदा.
लवंग: काही नाही. कापूर: नाकात गार वाटलं, वास नाही. हिंग: काही नाही. हिंगालाही नाही म्हटल्यावर मंदाने डबे बंद केले.
निष्कर्ष: जीभ शाबूत. गोड, कडू, खारट कळतं. पण चहाचं चहापण जिभेवर नसतंच, नाकात असतं. मुलांना हे दर वर्षी दाखवायचो. नाक दाबून धरा, आता ओळखा, सफरचंद की कच्चा बटाटा? मुलं हसायची. मीही.

९ जाने., शुक्र.
लोणावळ्यात पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळतं. अठ्ठ्याण्णवला. स्वतः मोजलंय, शाळेच्या तापमापकाने. म्हणजे घाटाखालच्यापेक्षा इथला चहा थोडा जास्त वेळ उकळायला हवा, आणि म्हणून इथली माणसं थोडी जास्त निवांत बसतात, असं माझं मत. मंदा म्हणते हे शास्त्र नाही, आळस आहे. दुपार याच विचारात गेली. बरं वाटलं.

११ जाने., रवि.
लोकलने मळवली, पुढे चालत भाजे. हमीदच्या टपरीवर. तरुणपणी आम्ही कबड्डीला एकाच संघात होतो. मी चढाईला, तो डाव्या कोपऱ्यात. गावचे सामने पुढच्या रविवारी. मैदानावरचा चहा दर वर्षी त्याचाच, आणि त्याआधी चहाची भुकटी मी चाखून पास करायची हा आमचा रिवाज. बिनसाखरेचा कोरा चहा, तीन घोट, मग निकाल.
हमीद म्हणाला, "पोतं घरात सुकटीच्या डब्याशेजारी व्हतं. मी रोज त्याच वासात, मला कायबी कळंना. तू सांग भानू, लागलाय का वास?"
चहा शेजारच्याचा वास ओढून घेतो हे त्याला मीच कधीतरी सांगितलेलं. तीन घोट घेतले. तुरट, आणि पुढे नुसतं धुकं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.
"झकास आहे. बिनधास्त वापर."
का म्हणालो असं? खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

१३ जाने., मंगळ.
भाजे लेणी. महिन्यातून एकदा जायची वडिलांची सवय, ती मी चालवतो. चैत्यासमोर बसलो, हात जोडले. मग मनात आलं, इथले भिक्खू पहाटे उठून चहाशिवाय काय करत असतील? थंडीत गरम पाणी पीत असतील. त्या पाण्यालाही एखादा 'आज बरं उकळलंय' म्हणत असेल. बराच वेळ त्यांच्यातच होतो. खाली गावात कुणीतरी हाक मारत होतं, ती दोन हजार वर्षांपूर्वीची वाटली.
उतरल्यावर हमीदची टपरी चुकवून शेताच्या वाटेने स्टेशन गाठलं.

१८ जाने., रवि.
सामने रंगले. चढाईला जाणारा पोरगा दम धरून 'कबड्डी कबड्डी' म्हणत पलीकडे जातो तेव्हा अजून माझा श्वास अडकतो.
पण चहा. लोक एक घोट घेत आणि ग्लास खाली ठेवत. शेवटी भाजीवाल्या सोनामावशी मोठ्याने म्हणाल्या, "हमीदभाऊ, च्याला सुकटीचा वास मारतोय."
हमीद चिडला नाही. उलट हसला. "मावशी, भानूनं चाखलाय. त्याची जीभ आजपतुर चुकली न्हाई. इचारा त्याला!"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी एक घोट घेतला. "मला तर चांगला लागतोय." दुसऱ्यांदा.
"मंग आमचंच नाक बिगडलं आसंल," मावशी म्हणाल्या आणि निघून गेल्या.
संध्याकाळी पातेलं जवळजवळ भरलेलं. त्यातला एक ग्लास हमीदने सगळ्यांसमोर घटाघट संपवला. माझ्यासाठी.

२० जाने., मंगळ.
पहाटे स्वप्नात चहाचा वास आला. जागा झालो तर वास कसा होता ते आठवेना, फक्त फार आवडला होता एवढं आठवत होतं.
मंदाला रविवारचं सांगितलं. म्हणाली, "वास गेला त्यात तुमचा दोष नाही. हे मात्र तुम्ही केलंत." खरं आहे.

२२ जाने., गुरु.
गेलो. टपरीवर गिऱ्हाईक नव्हतं. सगळं सांगितलं. हमीद ग्लास पुसत होता, तो पुसतच राहिला.
"कदीपास्नं?"
"दिवाळीपासून."
त्याने ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "आरं, नाक गेलं तर गेलं. मी काय हसलो आसतो व्हय? मावशीला मी चारचौगात खोटं पाडलं, तुज्या जिवावर."
आमच्या वेळी गावात कबड्डीला पंच नसायचा. निसटतं बोट लागलं तरी ज्याला लागलं तो स्वतःच हात वर करून बाहेर जायचा. दोघांनाही ते आठवलं असणार.
चहा विचारला नाही त्याने. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. परतीच्या वाटेवर रडू आलं.

२७ जाने., मंगळ.
वाचलं, वासाच्या पेशी नव्याने येऊ शकतात. काहींना येतो वास, काहींना नाही. वाट बघायची. दुपारी कपातली साय डोंगरासारखी सुरकुतत गेली, ती बघत बसलो. चहा गार झाला. हमीदला फोन करावा वाटलं, केला नाही.

१ फेब्रु., रवि.
भाज्याला गेलो, न राहवून. बाकावर सोनामावशी. हमीद त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आला, हे त्यांच्याच तोंडून कळलं. जुनी भुकटी त्याने फेकली. नवी घट्ट झाकणाच्या डब्यात. तिचा पहिला कोरा ग्लास मावशींना दिला. त्यांनी डोळे मिटून सावकाश घोट घेतला. "हां. आता च्यावानी च्या झाला."
वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. उठणार होतो. तेवढ्यात हमीदने माझ्यासमोरही एक ग्लास ठेवला.
"तू बी सांग."
"मला काय कळणार?"
"कळंल तेवडंच सांग."
प्यालो. दोघंही बघत होते.
"गरम आहे," म्हणालो. "बाकी काहीच कळत नाही, हमीद."
मावशी हसल्या. तो हसला नाही. माझ्या हातातला ग्लास घेतला, त्यात उरलेला चहा बघितला, आणि वर आणखी थोडा ओतला.