आमच्या न गंजणाऱ्या डब्याची हकीकत

बसवनगुडी, बंगळूर
ता. १४ मे १९६१

तीर्थस्वरूप कृष्णाअक्काच्या पायांशी धाकटा भाऊ मल्हारराव याचा डोकं टेकून नमस्कार.

इकडे आम्ही सारे धडधाकट आहोत. तुझे गुडघे आणि भावजींचा खोकला कसा आहे ते कळवावे. (देवनहळ्ळी इथून दीड तासाच्या बसवर, आणि हा शहाणा पत्रानं विचारतोय, असं म्हणू नकोस. मी रजेवर गेलो तर कारखान्यातले पत्रे कोण तपासणार?) पत्रास कारण की, चि. कावेरीचं लग्न येत्या २६ तारखेस ठरलं आहे. छापील पत्रिकाच पाठवायची, पण सगळा गठ्ठा लोणच्याच्या खाऱ्या पाण्यात भिजला. तो कसा भिजला हे सविस्तर सांगतो, कारण त्यात माझी काडीची चूक नाही.

लग्नाच्या पंगतीला लोणचं विकतचं नको, असं मी ठरवलं. बोटाएवढ्या कोवळ्या कैऱ्या पारखून आणल्या आणि त्यांच्यासाठी चिकपेटेतून स्टेनलेस स्टीलचा हा एवढा थोरला डबा घेतला. आपल्या आळीत एवढा डबा दुसऱ्या कुणाकडे नाही. (वास्तुशांतीला तू चिनी मातीच्या बरणीतून लोणचं आणलंस, तेव्हा "अक्का, या मडक्यात आता तुळस लाव" असं मी चार माणसांत म्हणालो होतो. स्टीलचा जमाना आला, एवढंच मला म्हणायचं होतं. तू न जेवता चारच्या बसनं गेलीस, त्याला आता तीन वर्षं झाली.) डब्यावर नाव तर हवंच. नाव घालणाऱ्याला कानडीच येई, म्हणून मी शेजारी बसून बाळबोध अक्षरं काढून दिली: मल्हारराव नागोजीराव, पत्रे-तपासनीस. तो टिंबं हलक्या हातानं ठोकत होता. मी म्हटलं, खोल घाल, नातवंडांना वाचता आलं पाहिजे. त्यानं घातलं.

मग कैऱ्या मिठात पुरल्या, वर धोंडा ठेवला आणि झाकण लावून डबा कोठीतल्या फळीवर चढवला. दीड महिना कुणी हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद दिली. परवा आमची सौ. विठाबाई कोठीत गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, तुमचं नाव गळतंय!" जाऊन पाहतो तर खरंच. 'मल्हारराव'मधल्या म पासून शेवटच्या व पर्यंत तांबूस पाण्याचे थेंब ओळीनं उभे. 'पत्रे-तपासनीस' मात्र कोरडं होतं. झाकण काढलं तर कैऱ्यांना गंजाचा वास आणि आत डब्याला सुईनं टोचल्यासारखी भोकं.

हे स्टील नकलीच, असं मी जाहीर केलं आणि डबा सायकलला बांधून कारखान्यातल्या प्रयोगशाळेत देवाप्पाकडे नेला. हा माझ्या हाताखाली शिकलेला बेळगावकडचा माणूस. भिंग लावून त्यानं डबा पाहिला, नाव वाचलं आणि बराच वेळ खोकल्याचं निमित्त केलं. मग म्हणाला, "स्टील अस्सल आहे, अण्णा. याच्या अंगावर डोळ्याला न दिसणारा पातळ पापुद्रा असतो, तोच गंज अडवतो. खरचटला तर हवा लागून पुन्हा धरतो. पण स्वल्प न्हवे, खंडीभर मीठ कोंडून, वर धोंडा ठेवून दीड महिना ठेवलात. मीठ पापुद्रा फोडतंय आणि आत हवा नाही, मग तो पुन्हा धरायचा कसा? टिंबांपाशी पत्रा आधीच पातळ, तिथनं पहिलं भोक पडलं." म्हणजे स्टील अस्सल निघालं! माझी पारख चुकली नाही, हे तू भावजींना मुद्दाम सांगावंस.

विठाबाई मात्र "वन्संना कळवा" एवढं एकच दिवसातून दहादा म्हणते आहे. म्हणून कळवलं. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
मल्हारराव

ता. क. तुझ्याकडे यंदाचं लोणचं घातलेलं असेलच. तीच बरणी घेऊन ये. भावजींना उचलू देऊ नकोस, बसपाशी मी स्वतः येतो. रजेचा अर्ज कालच दिला आहे.

पुन्हा ता. क. पत्रिका भिजल्या नाहीत. गठ्ठा कपाटात होता. तुझी पत्रिका तीनदा पाकिटात घातली आणि तीनदा काढली. जिनं पोरीच्या कानात कावेरी हे नाव सांगितलं, त्या आत्याला छापील कागद पाठवायला हात धजेना. त्या दिवशी मी चुकलो, अक्का.

आणखी एक. पंगतीत पानाच्या डाव्या बाजूला लोणच्याची जागा मी रिकामी ठेवणार आहे. तू आली नाहीस आणि व्याह्यांनी विचारलं, तर तुला मी काय बोललो होतो ते भर पंगतीत उभा राहून सांगेन.