कॅप्टनची बायको

३ मार्च, सायं. ६
आज मान खाली गेली. नात टीव्हीवर इंटरनेट लावून कसल्याशा जुन्या अंतराळ-मालिकेच्या चाहत्यांच्या संमेलनाचं तीस वर्षांपूर्वीचं चित्रण पाहत होती. चंदेरी कपड्यांतले बाप्ये, कपाळाला दिवे. मी म्हटलं, यांना घरी कुणी विचारत नाही वाटतं. तेवढ्यात नात किंचाळली, आजी, हे आपले आजोबा! शेजारीण चहाला बसली होती. म्हणाली, अगंबाई, शोभतायत हो! माझे यजमान, वजनमापं खात्यातले निरीक्षक, सहा वर्षांमागे वारले, तेच. अंगात मी शिवलेलं स्कूटरचं कव्हर. स्कूटरला कॉलर कशाला, असं मी तेव्हा विचारलं होतं. वाऱ्यासाठी, म्हणाले होते.

४ मार्च
ठराव: हा विषय बंद.
दरवर्षी तीन दिवस ‘तपासणी दौरा’ म्हणून जायचे. मी डबा भरून द्यायचे! चौतीस वर्षं शाळेत हेडमिस्ट्रेस होते. मुलींच्या नुसत्या डोळ्यांवरून खोटं ओळखायचे. यांच्या डोळ्यांत बघायला सवड झाली नाही, इतकंच.

५ मार्च, सकाळी ११
चित्रण चार वेळा पाहिलं. केवळ पुरावा म्हणून. माइकवाला विचारतो, कॅप्टन, मिसेस नाही आल्या? हे म्हणतात, एकदा सांगायला घेतलं होतं, तर ती हसली.
साफ खोटं. मी कुणाला हसत नाही. सुधारते. ते वेगळं.

६ मार्च
चाहत्यांच्या क्लबचा सेक्रेटरी कुणी रिटायर्ड डेंटिस्ट आहे. त्याला ईमेल केली. चित्रण ताबडतोब काढा. राग शुद्ध इंग्रजीत व्यक्त करावा, ही कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावलेली सवय.
दुपारी उत्तर. वहिनी, तुम्ही म्हणाल तर काढू. पण रविवारी आमचा मेळावा आहे, एकदा या. कॅप्टनच्या घरच्यांना भेटायची आम्हा सगळ्यांची फार इच्छा आहे.
वहिनी! मी याचे दात तरी पाहिलेत का?
जाणार. समोरासमोर झापायला.

८ मार्च
भाषण तयार. मुद्दे तीन: फसवणूक, पोरकटपणा, माझी अब्रू. नात सोबत येतेय. तिला बजावलं, चंदेरी काही घालायचं नाही, एकोणीस वर्षांची घोडी झालीस. ती म्हणाली, आजी, म्हणूनच तुला कुणी काही सांगत नाही.
उद्धट. आईवर गेली आहे.

१० मार्च, रविवार, सायं. ५
मी हॉलमध्ये शिरले तर पन्नासेक माणसं उभी राहिली. बहुतेकांचे गुडघे दुखत असावेत, तरी उभी राहिली. मी चष्मा लावला, कागद उघडला. डेंटिस्ट म्हणाले, वहिनी, त्याआधी एक विचारू? मालिकेचा शेवटचा भाग कॅप्टनना पटला होता का? आमच्यात अजून वाद आहे.
मला माहीत नव्हतं.
एक टक्कलवाले म्हणाले, मी आजारी होतो तेव्हा त्यांनी दर आठवड्याला पत्र लिहिलं. तुम्हाला वाचून दाखवायचे का हो?
नाही.
एका बाईंनी विचारलं, घरी काम करताना ते गाणी गुणगुणायचे का? इथे खुर्च्या लावताना गुणगुणायचे.
आमच्या घरी? गाणी?
सगळे वाट पाहत होते. काहीतरी सांगायला हवं म्हणून म्हटलं, चहात साखर दोन चमचे घ्यायचे. त्या बाईंनी तेवढंच वहीत लिहून घेतलं. कागद मी पर्समध्ये ठेवला. चित्रणाचं काय करायचं, असं डेंटिस्टनी निघताना विचारलं. राहू द्या, म्हटलं.
रिक्षात बसलो. नात म्हणाली, आजी, साखर तू घालायचीस. आजोबांना गोड चहा आवडायचाच नाही. तू वळलीस की बाल्कनीतल्या कुंडीत ओतायचे.
मी विचारलं, तुला कुणी सांगितलं?
त्यांनीच, म्हणाली.