यांचा जिना आणि माझं इंग्रजी

ती. ताईस,
धाकटीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कुरकुरत असतील आणि भावोजी त्याहून जास्त, असं धरून चालते आणि मुद्द्यावर येते.

आमच्या यांचं मांडीचं हाड एकदाचं जुळलं. आता जिना चढून वरच्या मजल्यावरचं शिलाईचं दुकान गाठता आलं की सुटलो. हा माणूस दिवसभर खालीच बसून राहिला तर झुरून जाईल गं, मला दुसरी भीती नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाई फक्त इंग्रजी बोलतात (मराठीतलं त्यांना ‘आई गं’ तेवढं कळतं), म्हणून मी शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंची शिकवणी धरली. त्यांनी बजावलं, ‘आय सॉ हिम क्लाइंब’ म्हटलंस तर तू त्यांना पार वर पोचेपर्यंत पाहिलंस. ‘क्लाइंबिंग’ म्हटलंस तर नुसतं चढताना पाहिलंस, पुढचं देव जाणे. मी मान डोलावली. एवढ्याशा ‘इंग’च्या शेपटाने काय बिघडतंय, असं मनात म्हटलं.

मंगळवारी हे चढायला लागले. तिसऱ्या पायरीवर पाय थरथरला आणि मी सरळ स्वयंपाकघरात पळाले (मी दुसऱ्याला टोचलेली सुईसुद्धा बघत नाही, तुला ठाऊक आहे). परतले तर हे खाली खुर्चीत, घामाघूम आणि हसतमुख. मला वाटलं, जाऊन आले! लगेच व्यायामाच्या बाईंना फोन करून, शेपूट कापून, ‘आय सॉ हिम क्लाइंब’ ठोकून दिलं. बाई खूश. म्हणाल्या, उद्या हातात कापडाचं गाठोडंही द्या.

दिलं. हे अर्ध्या जिन्यात गाठोड्यासकट बसले, ना वर ना खाली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, तर यांनी त्याला खालच्या पायरीवर उभं करून खांद्याचं माप घेतलं! मग त्यानेच यांना धरून उतरवलं. मी चिडले, तर म्हणतात कसे, “अगं, काल चौथ्या पायरीवरूनच परतलो होतो. तू इतकी खूश दिसलीस, सांगवेना.” ताई, मला रडू आलं आणि हसूही. बाईंना खरं सांगितलं, तर म्हणाल्या, घाबरू नका, चढतील.

तुझी,
धाकटी

ता. क. खरं काम असं, की रविवारी हे पुन्हा चढणार आहेत. तू ये. मी पळणार हे नक्की. कोणीतरी शेवटपर्यंत बघायला हवं. भावोजींनाही आण, सूचना मात्र घरी ठेवून यायला सांग.

आणखी एक ता. क. पत्र पाकिटात घालतेय तोच वरून मशीनचा आवाज आला. धावत गेले, तर हे दुकानात बाही शिवत बसलेत. चढताना पाहिलं नाही, पोचताना पाहिलं नाही, थेट पोचलेलेच पाहिले! तरी तू येच. यांना अजून उतरायचं आहे.